घर कमी सांगायचं नाही

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या हॉलवर मुलांची हाजिरी नावानं होत नसे, घरानं होत असे. सयाजीराव पायरीवर उभे राहून ‘जाधव’ म्हणाले, की जाधवांच्या मुलांतलं सगळ्यांत मोठं मूल उठून ‘हाजिर’ म्हणे आणि जाधवांची सगळी मुलं आली असं धरलं जाई. मग शिंदे, मग मोहिते, मग पवार, शेवटी घोरपडे. पाच घरं पुकारली की पन्नासेक मुलांची हाजिरी संपली.

हॉल म्हणजे जुन्या पलटणीतल्या मराठा घराण्यांच्या संघाची इमारत. पुढं लोखंडी गेट, आत फरशीचं अंगण, मागं विहीर आणि दसऱ्याला पुजायच्या तलवारींची खोली. वर्षातून चार कार्यं सोडली तर ती जागा रिकामीच असे. म्हणून गोदावरीबाईंनी तिथं शाळा सुटल्यावर मुलं सांभाळायला सुरुवात केली. आईबाप कामावरून येईपर्यंत मुलांनी इथं यायचं, खायचं, अभ्यास करायचा, खेळायचं. मोबाइल येण्याआधीचे ते दिवस. सकाळी शाळेत गेलेलं मूल संध्याकाळी हॉलवर भेटायचं, मधे त्याची काही खबर नसायची, आणि कुणाला त्याची काळजीही वाटत नसे. गोदावरीबाई आहेत म्हटल्यावर आया निर्धास्त असत.

हाजिरीची पद्धत मात्र सयाजीरावांची. ते संघाचे अध्यक्ष, सत्तरी उलटलेले, पण पाठ अजून ताठ. त्यांच्या पणजोबांच्या काळी पलटण मोहिमेवरून परत आली की अशीच घरानं हाजिरी होई, आणि बायका भिंतीआड उभ्या राहून ऐकत, असं ते सांगत. कुणाचं माणूस परत आलं नाही हे त्या बायकांच्या कानावर असं चारचौघांत पडू नये, म्हणून घरातल्या थोरल्यानं काही झालं तरी ‘हाजिर’ म्हणायचं, आणि मग जमादाराला बाजूला नेऊन खरं काय ते हळूच सांगायचं. घर कमी असल्याचं मोठ्यानं सांगायचं नाही. तेव्हापासून या घरांत ते अशुभ मानलं जाई, आणि मुलंसुद्धा ते पाळत. ‘हाजिर’ म्हणून झालं की मोठं मूल गोदावरीबाईंकडं येई आणि त्यांच्या कानाशी लागून सांगे: शिंद्यांचा धाकटा तापानं घरी आहे, पवारांची मुलगी मावशीकडं गेली आहे. कारण नीट कळलं नाही तर गोदावरीबाई कुणाला तरी चौकशीला पाठवत. इतकी वर्षं सगळं ठीक चाललं ते त्या कानातल्या बोलण्यावर.

तुंगा त्या वर्षी जूनमध्ये आली. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. तिचे वडील तिरुमलराव एच. डी. कोट्याला नोकरीत अडकलेले. आई वेदवती हिला बेळगोळच्या एका कारखान्याच्या ऑफिसात काम मिळालं, म्हणून मायलेकी म्हैसुरात खोली घेऊन राहत होत्या. त्या काही पलटणीतल्या घराण्यातल्या नव्हेत. घरी मराठी बोलत एवढंच. मग हाजिरीत तुंगाला कुठं बसवायचं हा प्रश्न आला. सयाजीरावांनी तिला पायरीवर बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “आजपासून तू घोरपड्यांची. कुणी विचारलं, मगू, बाळ, तू कुणाची, तर काय सांगायचं?”

“घोरपड्यांची,” तुंगा म्हणाली.

सगळी मुलं हसली. घोरपड्यांची चार मुलं होती, आता पाच झाली. त्यांतली मोठी वेणी, बारा वर्षांची. तिनं तुंगाचा हात धरून तिला आपल्या रांगेत नेलं. त्या संध्याकाळी वेदवतीला हे कळलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. घरमालक सोडला तर या गावात आपली अशी दुसरी ओळख नाही, असं ती गोदावरीबाईंना म्हणाली होती.

दसऱ्याला काही दिवस उरले असताना बेंगळूरहून फत्तेसिंगराव आले. तिकडच्या मंडळींनाही असं काही मुलांसाठी काढायचं होतं, म्हणून ते हॉल बघायला आले होते. सयाजीरावांनी आदल्या दिवशीच मुलांना बजावलं होतं: उद्या रेंगाळायचं नाही, शाळेतून थेट हॉलवर, आणि हाजिरीला एकही घर उशिरा आलेलं चालणार नाही. गोदावरीबाई दुपारपासून स्वयंपाकघरात होत्या. पाहुण्यांसाठी शिरा, मुलांसाठी चुरमुरे, आणि कॉफीचं आधण एकदा आटून दुसऱ्यांदा ठेवलेलं.

मुलं येऊ लागली. घोरपड्यांची सगळ्यांत शेवटी आली. वेणी पुढं, घामानं केस कपाळाला चिकटलेले, दोन्ही हातांत एकेक लहान मूल. तिच्या मागं सयाजीरावांनी स्वतः गेट लावून कडी घातली. हाजिरीपासून प्रार्थनेपर्यंत गेट बंद, हा नियम रोजचाच. त्या दिवशी पाहुणे होते, म्हणून प्रार्थनेनंतर कवायत आणि गाणी होती.

“जाधव.”

“हाजिर.”

“शिंदे.”

“हाजिर.”

गोदावरीबाई स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होत्या. ‘घोरपडे’ झालं तेव्हा वेणीला उठायला जरा उशीर लागला. सयाजीरावांची भुवई वर गेली. मग वेणी उठली.

“हाजिर.”

फत्तेसिंगराव खूश झाले. आमच्याकडं मुलं मोजायची तर एक शिट्टी, एक शिपाई आणि अर्धा तास लागतो, असं ते म्हणाले. त्यावर सयाजीराव हसून म्हणाले, की तरी एखादं शेजाऱ्याचं मूल जास्त भरत असेल. दोघंही मोठ्यानं हसले.

वेणी स्वयंपाकघराच्या दाराशी आली. गोदावरीबाईंच्या दोन्ही हातांत ताटं होती. वेणीनं त्यांचा पदर धरला आणि कानाशी यायला टाचा उंचावल्या.

“आत्ता नको गं. पाहुण्यांचं होऊ दे.”

“मावशी, स्वल्प ऐका ना...”

“वेणी, शिरा गार होतोय. नंतर सांग.”

त्या बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा वेणीला कवायतीसाठी पुढं उभं केलेलं होतं, कारण घरांचे मोठे पुढं असत. कवायत झाली, मग गाणं झालं. मधे एकदा वेणी पुन्हा त्यांच्याजवळ आली होती. पण तेव्हा फत्तेसिंगराव त्यांना विचारत होते, की रोजची मुलं किती आणि मदतीला बायका किती. त्या उत्तर देत होत्या आणि एका हातानं वेणीला थांब म्हणून खुणावत होत्या. पाहुण्यांसमोर मूल कानाशी लागलं तर काय झालं असं पाहुणे विचारणार, ही भीतीही त्यांना होती. थांबलेली वेणी मग गेली ती पुन्हा आली नाही.

पाहुणे निघाले तेव्हा गेट उघडलं. निरोप देण्याच्या गडबडीत एक मुलगी गेटमधून पळत बाहेर गेली हे कुणीच पाहिलं नाही.

दिवे लागायच्या सुमारास आया येऊ लागल्या. वेदवती कंपनीच्या बसमधून अशोका रोडवर उतरून चालत येई. त्या दिवशी दसऱ्याच्या मिरवणुकीतल्या हत्तींची तालीम होती, हत्ती जाताना आणि परतताना दोन्ही वेळा रस्ता अडवला होता, त्यामुळं तिला उशीर झाला. आल्याबरोबर तिनं नेहमीसारखी हाक मारली. तुंगा आली नाही. तिनं पुन्हा हाक मारली.

“मागं खेळत असेल,” गोदावरीबाई म्हणाल्या आणि स्वतः मागं गेल्या. मागं पवारांची दोन मुलं चिंचोके खेळत होती. त्यांनी तुंगाला पाहिलं नव्हतं. आज की आत्ता, असं विचारल्यावर ती एकमेकांकडं बघायला लागली.

गोदावरीबाई परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहून वेदवतीनं हातातली पिशवी खाली ठेवली.

“नाही का तिथं?”

“असेल इथंच. कुठं जाते?”

“तुम्ही पाहिलंत का तिला आज?”

गोदावरीबाईंनी आठवायचा प्रयत्न केला. काल पाहिलं होतं, परवा तिचे केस विंचरून दिले होते. आज चुरमुरे वाटले ते मुलांनी आपापसांत वाटून घेतले होते. आज त्यांनी पाहुणे पाहिले होते. त्यांची नजर गेटकडं गेली, आणि वेदवतीला तेवढ्यावरून कळलं.

सयाजीराव खुर्ची टाकून बसले होते, ते उठून आले. त्यांनी शांतपणे सांगितलं, की घाबरायचं कारण नाही. घोरपड्यांची हाजिरी झाली आहे, स्वतः आपण घेतली आहे, आणि नंतर गेट बंद होतं. म्हणजे मूल या चार भिंतींच्या आत आहे. कुठंतरी झोपलं असेल. ही इमारत शोधायची, बस्स.

मग शोधाशोध सुरू झाली. न्यायला आलेले बाप आणि थोरले भाऊ कामाला लागले. बाकड्यांखाली पाहिलं, गच्चीवर पाहिलं, तलवारींची खोली उघडून पेट्यांच्या मागं बॅटरी मारली. संडासाची कडी बाहेरून लागलेली होती, तरी ती काढून पाहिली. वेदवती प्रत्येक ठिकाणी त्यांच्या मागं जात होती आणि तेच एक नाव घेत होती, सुरुवातीला हाक मारल्यासारखं, नंतर नुसतंच.

कुणीतरी म्हणालं, विहीर.

विहिरीवर लोखंडी जाळी होती, पण एका बाजूला पाणी काढायला झाकण ठेवलेलं. ते झाकण सरकलेलं होतं. दुपारी गोदावरीबाईंनीच कॉफीसाठी पाणी काढलं होतं. झाकण आपण परत नीट लावलं की नाही, हे त्यांना आता कितीही ताण दिला तरी आठवत नव्हतं.

मुलांना न्यायला आलेल्या दत्तोजीराव मोहित्यांनी बॅटरी आत धरली. पाणी काळं होतं, त्यावर एक पान तरंगत होतं. खाली काही दिसत नव्हतं. ते म्हणाले, गळ आणा. हंडा पडला की काढायचा लोखंडी गळ तलवारींच्या खोलीत टांगलेला असे. तो आणला आणि दोराला बांधला. वेदवती विहिरीच्या कठड्याला धरून उभी होती. तिला बाजूला न्यायचा प्रयत्न केला तर ती बोटं सोडेना. गोदावरीबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण तो तिला जाणवलाही नसावा.

गळ पाण्यात गेला. दोर हातातून सरसर उतरला, मग थांबला. दत्तोजीरावांनी तो हळूहळू फिरवला. गळ कशाला तरी लागला आणि अडकला. दत्तोजीरावांनी वर न बघता दुसऱ्याला दोर धरायला सांगितलं.

“घोरपड्यांचं घर एकानं कमी आहे.”

सगळे वळले. वेणी अंगणाच्या दाराशी उभी होती. ती हे मोठ्यानं बोलली होती, हाजिरीत बोलायचं तसं, सरळ उभं राहून. पायाला चिखल होता.

“तुंगा आलीच नाही,” ती म्हणाली. “ती विहिरीत नाही. गळ काढा.”

सयाजीराव पुढं आले. ते रागावून काही बोलणार असं सगळ्यांना वाटलं. पण ते वेणीकडं असे बघत राहिले, की जणू तिनं घरात कुणी गेल्याची बातमी आणली होती.

दोर वर आला. गळाला जुन्या पोहऱ्याची कडी अडकली होती.

गोदावरीबाई वेणीसमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, सांग. आता मात्र त्यांनी कान तिच्या तोंडाशी नेला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असंच सांग, म्हणाल्या.

वेणीनं सांगितलं. शाळेतून येताना बँडवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी तुंगाच्या चपलेचा अंगठा तुटला. तिथं मुनियप्पा चपला शिवत बसतो. त्यानं चप्पल हातात घेतली तोच शिट्ट्या वाजल्या, हत्ती येतायत म्हणून पोलीस रस्ता बंद करू लागले. रस्ता बंद झाला की तासभर उघडत नाही. हाजिरीला उशीर झाला असता. म्हणून तिनं तुंगाला सांगितलं, इथंच बस, मी यांना सोडून येते, मी येईपर्यंत उठायचं नाही. तिघांना घेऊन ती रस्ता ओलांडून आली. हॉलवर पोचली आणि गेट लागलं.

“मग ‘हाजिर’ कशाला म्हणालीस?” दत्तोजीराव म्हणाले.

वेणीनं त्यांच्याकडं पाहिलं. “घर कमी सांगत नाहीत ना,” ती म्हणाली. “मी मावशींच्या कानात सांगणार होते.”

गोदावरीबाईंनी मान खाली घातली नाही. घालावीशी वाटली, पण वेळ नव्हता. गेट उघडल्यावर वेणी तिथं पळत जाऊन आली होती, आणि मुनियप्पाच्या जागेवर कुणी नव्हतं; मग परतणाऱ्या हत्तींसाठी रस्ता पुन्हा बंद झाला आणि ती पलीकडंच अडकली. हे तिनं सगळ्यांत शेवटी सांगितलं.

त्या तिघी निघाल्या, वेणी, वेदवती आणि गोदावरीबाई. मागून दोघे पुरुष बॅटरी घेऊन. हत्ती परत गेले होते, रस्त्यावर लीद आणि उसाचा चोथा पडला होता, आणि अडकलेली सगळी वाहनं एकदम सुटल्यानं ओलांडायला वाव नव्हता. वेदवती कशाकडंही न बघता मधे शिरली. एका रिक्षावाल्यानं शिवी दिली. गोदावरीबाईंनी तिचा दंड धरला तो पलीकडं पोचेपर्यंत सोडला नाही.

मुनियप्पाची जागा म्हणजे गटारावर टाकलेली फळी. तिच्यावर त्याची लाकडी पेटी साखळीनं बांधलेली होती. शेजारी पत्र्याच्या ट्रंका करणाऱ्याचं दुकान होतं, त्यानं हातोडी थांबवून कन्नडमध्ये सांगितलं, की हो, एक मूल होतं. म्हातारा घरी जायला निघाला तेव्हा ते उठायला तयार होईना. चल, घरी सोडतो म्हणाला तर रडायला लागलं. शेवटी म्हाताऱ्यानं उचलून आत कुठंतरी ठेवलं.

“आत कुठं?” वेदवतीनं विचारलं.

ट्रंकवाल्यानं गल्लीकडं हात केला. त्याला गिऱ्हाईक होतं, त्यानं नीट पाहिलं नव्हतं.

गल्लीत ओळीनं बँडची दुकानं. दसरा जवळ आलेला, त्यामुळं बरीचशी मंडळी कुठंकुठं वाजवायला गेलेली, निम्मी शटरं खाली. पहिल्या दुकानात दिवा होता, तिथं कुणी मूल पाहिलं नव्हतं. दुसरं बंद होतं. तिसऱ्यात दोन माणसं पत्ते खेळत होती, त्यांनी माना हलवल्या. वेदवती बंद शटरांवरही हात मारू लागली. एका शटरच्या आतून कुत्रं भुंकलं. वेणी पुढं पळत होती आणि प्रत्येक दाराशी थांबून हाक मारत होती.

गल्लीच्या टोकाचं शटर कमरेपर्यंत खाली होतं आणि खालून उजेड येत होता. वेणी वाकून आत गेली आणि बाहेर आली नाही.

वेदवती मागोमाग आत शिरली. आत पितळेची वाद्यं भिंतीला टांगलेली, एक म्हातारा मालक फडक्यानं कर्णा पुशीत बसलेला, आणि मोठ्या ढोलावर तुंगा. एका पायात चप्पल, दुसरी मांडीवर. वेणी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली होती आणि रडत होती. तुंगा मात्र आता रडत नव्हती.

“मी उठले नाही, वेणीअक्का,” ती म्हणाली. “त्यांनी उचललं मला.”

वेदवतीनं तिला उचलून घेतलं. तुंगाची चप्पल खाली पडली, ती कुणी उचलली नाही.

मालकाला गोदावरीबाईंनी विचारलं, की हॉल एवढ्या जवळ, मग निरोप का नाही पाठवला. मालक थोडा रागावला. पाठवला होता की, तो म्हणाला. मुलीला विचारलं, तू कुणाची. ती म्हणाली, घोरपड्यांची. मोहल्ल्यात घोरपड्यांचं घर एकच. तिथं माणूस पाठवला. सुमित्राबाईंनी सांगितलं, आमची चारही मुलं हॉलवर आहेत, तुंगा नावाचं आमच्यात कुणी नाही. मुलीला परत विचारलं, नीट सांग, कुणाची? तिचं एकच.

सुमित्राबाई म्हणजे वेणीची आई. हॉलवर आपल्या मुलांच्या रांगेत एक पाचवं मूल बसतं हे तिला ऐकून माहीत असेल, नसेल. पण दारात आलेल्या परक्या माणसाला तिनं जे खरं तेच सांगितलं होतं.

वेदवती तुंगाला कडेवर घेऊन शटरखालून वाकून बाहेर आली. गोदावरीबाई काही बोलायला गेल्या, तर तिनं मान हलवली.

“तुम्ही तिला घर दिलंत, बाई. मला बरं वाटलं होतं,” ती म्हणाली. “तिच्या आईचं नाव शिकवायचं मात्र तुमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. आणि माझ्याही.”

मग ती हॉलकडं न वळता सरळ आपल्या खोलीच्या दिशेनं गेली. तिची पिशवी हॉलवरच राहिली.

दुसऱ्या दिवशी गोदावरीबाई दुपारीच सयाजीरावांच्या घरी गेल्या. आजपासून एकेक मूल नावानं पुकारायचं, आणि नसलेलं मूल नाही म्हणून सगळ्यांसमोर सांगायचं, असं त्यांनी सांगितलं. चूक आपली आहे, मूल कानाशी आलं होतं आणि आपण ऐकलं नाही, हेही सांगितलं. सयाजीराव म्हणाले, की चूक तुमची असेल, पण पद्धत शंभर वर्षांची आहे, तिनं कुणाचं वाईट केलं नाही. गोदावरीबाई म्हणाल्या, काल गळ पाण्यात गेला तेव्हा त्या आईचं तोंड तुम्ही पाहिलंत का? पलटणीतल्या बायका भिंतीआड उभ्या राहत ना, ती समोर उभी होती. आपण हॉलवर येऊ की नाही, ते सयाजीरावांनी सांगितलं नाही.

शाळा सुटली, मुलं आली. वेदवतीची पिशवी गोदावरीबाईंनी खिडकीत ठेवली होती. घोरपड्यांची चार मुलं आली. वेणी सरळ रांगेत जाऊन बसली आणि समोर बघत राहिली. शाळेत तुंगा नव्हती की होती, हे तिला विचारायचं गोदावरीबाईंच्या मनात आलं, पण तेवढ्यात सयाजीराव आले. गेट लावून कडी घातली आणि पायरीवर चढले. हाजिरी घरानंच सुरू झाली.

“जाधव.”

“हाजिर.”

शिंदे झाले, मोहिते झाले, पवार झाले. गोदावरीबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. आज त्यांच्या हातात काही नव्हतं.

“घोरपडे,” सयाजीराव म्हणाले, आणि नेहमीपेक्षा हळू म्हणाले.

वेणी उठली. मागच्या रांगेतलं कुणीतरी खुसखुसलं आणि लगेच गप्प झालं.

“चार हाजिर,” ती म्हणाली. “एक कमी.”

सयाजीरावांनी पायरीचा कठडा धरला. पुढं काय म्हणायचं, ते त्या जागेवर आजवर कुणाला ठरवावं लागलं नव्हतं.

“कोण?” त्यांनी विचारलं.

“तुंगा.”

“का आली नाही?”

“माहीत नाही. आज शाळेतही नव्हती.”

मुलं गोदावरीबाईंकडं बघू लागली. त्यांनी खिडकीतली पिशवी घेतली, चपला पायांत सरकवल्या आणि अंगण ओलांडलं. गेटला कडी होती. हाजिरी चालू असताना ती कधी निघत नसे. त्या कडीला हात घालणार तोच सयाजीराव पायरीवरून उतरून आले. त्यांनीच कडी काढली, गेट ओढून पूर्ण उघडलं आणि बाजूला झाले.

गोदावरीबाई वळणावर दिसेनाशा झाल्या तरी सयाजीरावांनी गेट लावलं नाही. मुलांना बसा म्हणाले, आणि स्वतः तिथंच रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. प्रार्थना त्या दिवशी उशिरा झाली.